हासाजींच्या पंपाचा शनिवार

"मानवजातीचं तेल जाळण्याचं युग आज संपलं," असं हासाजी रोहेकरांनी शनिवारी सकाळी जाहीर केलं. ते संपलं होतं पेण-रोहा भागातल्या त्यांच्या एकुलत्या एका पेट्रोल पंपावर, आणि तेही संध्याकाळपर्यंत. पंपाला साखळी लावून ते समोर खुर्ची टाकून बसले होते. साखळी आदल्या दिवशीच लावली होती, कारण शनिवारी काम करायचं नाही.

हासाजींचे आजोबा घाण्यावर तीळ गाळायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे. म्हणून गाव शनिवारचा धर्माचा विसावा पाळणाऱ्या या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू मंडळींना शनवार तेली म्हणायचं. पुढे घाणा जाऊन पंप आला. पंपाबरोबर कंपनी आली, आणि शनिवार गेला. नातेवाईक इस्रायलला गेले. आईबापांच्या कबरींपाशी कुणीतरी हवं, म्हणून हासाजी आणि बायको हन्ना तेवढे राहिले.

शनिवार परत आणायचं डोक्यात भरवलं इलियासनं. तीस वर्षं आखातातल्या तेलविहिरींवर काढून आलेला हा मुसलमान बालमित्र.

"तेल म्हणजे काय, ठाव हाय? कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात मेलेले बारीक जीव. चिखलाखाली दबले, शिजले, त्याचं तेल झालं."

"म्हणजे आपण मढी उकरून जाळतो?"

"व्हय."

"तुमच्यात मढी उकरतात?"

"तौबा! तुमच्यात?"

"नाय."

दोघं खाडीकडं बघत बसले. जाळलेल्या तेलानं हवा तापली, समुद्र फुगला, आणि उधाणाचं पाणी आता कबरस्तानाच्या बांधाला टेकत होतं.

"रीतीला धरूनच हाय," हासाजी म्हणाले. "आपण त्यांची उकरली, ते आपली न्यायला आलेत."

तर त्या शनिवारी नऊ वाजता, इलियासही पंपावर येऊन बसला असताना, कंपनीचा अधिकारी मितेश पनवेलहून गाडीनं आला.

"काका, पंप उघडा. नाहीतर डीलरशिप जाईल."

"जाऊ दे."

"एका पंपानं जगाला काय फरक पडणार?"

"आमचा आजा एकच बैल सोडायचा. बैलाला फरक पडायचा."

मितेशनं नोटीस लिहिली आणि सहीसाठी पुढे केली.

"सही उद्या. शनिवारी लिहीत नाय."

तेवढ्यात हन्ना धापा टाकत आली. "अहो, बांधाला भगदाड पडलंय! पाणी कबरींवर चढतंय, आणि उपसायच्या इंजिनात डिझेल नाय!"

सगळ्यांनी साखळीकडं पाहिलं. हासाजींनी सगळ्यात जास्त वेळ पाहिलं.

"बादल्या काढ गो," ते म्हणाले.

"तू हात लावू नको," इलियास म्हणाला. "शनिवार तुझा हाय, माझा नाय."

"बैल सोडलाय, इलियास. बाप नाय सोडलेला."

हासाजी आणि इलियासनं चिखलाची ढेकळं रचून भगदाड बुजवलं. हन्ना पाणी उपसत राहिली. मितेश आधी बांधावर उभा राहून फोनवर बोलत होता. मग हन्नानं त्याच्या हातात बादली दिली आणि फोन बंद झाला. दुपारी ओहोटी लागली तेव्हा हासाजींच्या बापाची कबर ओली होती, पण जागेवर होती.

मितेश गुडघाभर चिखलात उभा. "काका, नोटीस मी पाठवणारच."

"पाठव. पुढच्या शनिवारीपण बंदच असंल. त्याच्या पुढच्याही."

मितेशनं मान डोलावली. जरा घुटमळला.

"संध्याकाळी उघडाल, तेव्हा पहिला नंबर माझा लावाल का? गाडी रिझर्व्हला आलीय."