आयुधपूजेच्या दिवशी अडकलेला टेन्शनर

मी एक जुना टेन्शनर आहे, मित्रांनो. नाव ऐकून बिचकू नका. मोटारीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या एका अंगाला काळा रबरी पट्टा गरगर फिरताना दिसतो ना, त्याला दाबून ताठ ठेवणारं चाक म्हणजे मी. एक चाक, त्याला धरणारा दांडा आणि दांड्यात स्प्रिंग, एवढाच माझा संसार. पण त्या पट्ट्यावर इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंप चालतो, बॅटरी भरते, स्टिअरिंग हलकं राहतं. मी हात आखडला की सगळ्यांचीच तारांबळ.

चेन्नईच्या वेशीबाहेरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. एका राखाडी मोटारीत मला बसवलं आणि तिच्याबरोबर मी गिरीधररावांच्या दारात आलो. हे तंजावरकडचं मराठी घराणं, कैक पिढ्या तमिळ मुलखात रुजलेलं. गिरीधरराव तोफा-रणगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नीचा, सुंदरीबाईंचा, उजवा गुडघा एका अपघातानंतर वाकेनासा झाला होता. गिरीधररावांनी स्वतःच्या हातांनी गाडीची पुढची डावी सीट बरीच मागे सरकवून घेतली, म्हणजे बाईंना पाय सरळ सोडून बसता येई. बस, रेल्वे, भाड्याची गाडी, त्यांना कशातच बसवत नसे. "हीच माझे पाय," असं म्हणून त्या गाडीच्या दारावर थोपटत.

चेन्नईतल्या टी. नगरच्या गर्दीत, मे महिन्याच्या उन्हात मी वर्षानुवर्षं राबलो. "गाडी कशी लोण्यासारखी चालते!" असं लोक म्हणत, पण ते कौतुक इंजिनाच्या वाट्याला जाई. मला कोण ओळखतं? माझी आठवण निघायची ती वर्षातून एकदाच, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला. त्या दिवशी गिरीधरराव बॉनेट उघडून नळीने धो धो पाणी मारत. "आयुधाला आंघोळ नको का?" असं विचारत हळदीचं पाणीही शिंपडत. मग चंदनाचं बोट प्रत्येक भागाला, मलाही. मी फुलून जात असे. त्या मानापायी पाणी माझ्या बेअरिंगमध्ये शिरत होतं आणि आतून मला गंज खात होता, हे कळायची अक्कल तेव्हा मलाही नव्हती.

मग मी किंचाळू लागलो. सकाळी गाडी सुरू झाली की कुईंऽऽ. शहराबाहेर सिरुसेरीला नोकरी करणारी त्यांची लेक हरिणी म्हणाली, "अप्पा, टेन्शनर जाम होतोय. बदलू या." गिरीधररावांनी तिळाच्या तेलाची वाटी आणली आणि पट्ट्यावर धार धरली. आवाज थांबला. "पाहिलेंस? वंगण हवें होतें," ते म्हणाले. मित्रांनो, तेलाने रबर फुगतं आणि घसरतं. माझं दुखणं होतं तिथेच होतं, फक्त तोंड बंद झालं होतं. हरिणी तेवढ्याने गप्प बसली नाही. तिने मोटारीचे सुटे भाग मिळणाऱ्या पुदुपेट्टैच्या बाजारातून नवा टेन्शनर आणि नवा पट्टा आणून ठेवला. "सण होऊं दे, मग बघूं," असं म्हणून अप्पांनी तो खोका देवघराशेजारी ठेवून दिला.

यंदाची आयुधपूजा उजाडली. नटबोल्ट फिरवायचे पाने, हातोडी, पक्कड सरस्वतीच्या तसबिरीपुढे पाटावर मांडून झाली. नवा टेन्शनरही खोक्यातून काढून पाटावर ठेवला, त्यालाही गंध लागलं. इकडे मला नेहमीची आंघोळ घडली. चाकांखाली लिंबं ठेवून हरिणीने गाडी सुरू करून जरा पुढे घेतली. लिंबं फुटली आणि त्याच क्षणी मी जागच्या जागी आवळून बसलो. चाक फिरेना, दांडा हलेना. पट्टा माझ्यावरून खरडत गेला, धूर निघाला, जळक्या रबराचा वास पसरला. हरिणीने झटकन चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"उद्यां बघूं," गिरीधरराव म्हणाले.

दुपारी तंजावरहून फोन आला. सुंदरीबाईंच्या थोरल्या बहिणीचा, कामाक्षीबाईंचा, मुलगा राणोजी बोलत होता. मावशीला तो तमिळ रिवाजाने चित्ती म्हणे. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून खाली गाडीपर्यंत ऐकू आलं. "चित्ती, अम्मा तुजं नांव घेऊन राहिलीय. डॉक्टर म्हणतात, आजच या."

सुंदरीबाई काठी टेकत खाली आल्या आणि गाडीजवळच्या खुर्चीत बसल्या. सणामुळे झाडून सगळी गॅरेजं बंद. पाने पूजेत. आणि पूजेत मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी पुनर्पूजा झाल्याशिवाय उचलायचं नाही, ही या घराची रीत.

"माझ्या आज्यानें मोडली नाहीं ती रीत, मी कशी मोडूं?" गिरीधरराव म्हणाले. "उद्यां सकाळी पूजा झाली कीं लगेच निघूं."

"अप्पा, प्लीज! उद्या उशीर होईल."

"हरिणी, आयुधाचा कोप..."

सुंदरीबाई उठल्या. काठीचा टक टक आवाज घरात गेला. परत आल्या तेव्हा पदरात पाने आणि हातोडी होती, वर नवा टेन्शनर आणि पट्टा. पान्यावरची झेंडूची पाकळी त्यांनी डोळ्यांना लावली.

"सरस्वती रुसली तर मी तिची समजूत काढीन," त्या म्हणाल्या. "अक्का रुसून गेली तर तिला कोठें शोधूं? घ्या हें हातांत."

गिरीधररावांनी पाना घेतला. हरिणीने जुना पट्टा कापून काढला. आता उरलो मी आणि मला इंजिनाशी जखडणारा एक बोल्ट. आम्हा दोघांना गंजाने एकजीव केलं होतं. गिरीधररावांनी जोर लावला. काही नाही. मघाशी उद्यापर्यंत थांबायला निघालेल्या माणसाला आता क्षणभरही दम निघेना. त्यांनी पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घातली आणि सगळं वजन टाकलं.

कट्.

आवाज ऐकून सगळे थिजले. बोल्टाची मान पिळवटली होती. तो इंजिनातच तुटला असता तर गाडी आज जागची हलली नसती, आणि सुंदरीबाईंचे पायही तिच्याबरोबर अडकले असते.

"पोदुम, अप्पा, पुरे!" हरिणीने नळी हिसकावली. "तुटेल तो."

तिने गंज सोडवणारं तेल बोल्टावर फवारलं आणि हातोडीने अलगद टिचक्या दिल्या. मग वाट पाहायची. मित्रांनो, वाट पाहण्याइतकं अवघड काम नाही. फोन पुन्हा वाजला. वाईट बातमीच्या धास्तीने कोणी उचलेना. सुंदरीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पण 'लवकर करा' असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

हरिणीने पाना लावला. आधी किंचित आवळला, मग किंचित सैल. पुन्हा आवळला, पुन्हा सैल. आतून माझा गंज भुरभुरू लागला. मला भीती वाटत होती. सुटलो की माझं काम संपणार, हे मला ठाऊक होतं. तरी मी बोल्टाला विनवलं, बाबा रे, सोड आता. मी गेलो तर चालेल, ती बाई पोचली पाहिजे.

लांब कण्हल्यासारखा आवाज करत बोल्ट फिरला. अख्खाच्या अख्खा बाहेर आला.

गिरीधररावांनी मला तळहातावर घेऊन कलतं केलं. माझ्या पोटातून तपकिरी पाणी ओघळलं. त्याला हळदीचा वास होता. त्यांनी भिंतीशी पडलेल्या नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही माझीच आंघोळ," ते हळूच म्हणाले. हरिणीने त्यांच्या हाती नवा टेन्शनर दिला, आणि तो त्यांनीच बसवला. गाडी सुरू झाली. कुरकुर नाही, धूर नाही. दिवेलागणीच्या आत ते तिघे निघाले, आणि मी पार्किंगच्या कठड्यावर एकटा राहिलो.

पोचले का? भेट झाली का? मला कोण सांगणार? गाडी परत आली तेव्हा शेजारच्या नीलमताई धावत आल्या. सुंदरीबाई सावकाश उतरल्या, दाराला धरून उभ्या राहिल्या.

"अक्कानें ओळखलें मला," त्या म्हणाल्या. "उरली रात्र माझा हात सोडला नाहीं. पहाटें गेली." मग जरा थांबून म्हणाल्या, "पुनर्पूजेची वेळ व्हायची होती अजून."

गिरीधरराव मान खाली घालून माझ्याजवळ आले. त्यांनी मला धोतराच्या सोग्याने पुसलं आणि घरात नेलं. आता माझी जागा पाटाजवळच्या फळीवर आहे. पुढच्या आयुधपूजेला मलाही गंध लागणार आहे म्हणे, पण कोरडं.

मित्रांनो, तुम्हीही आपल्या वस्तूंची पूजा जरूर करा. फक्त कोणी कण्हत असेल तर तेल ओतून त्याचं तोंड बंद करू नका. गिरीधरराव आता दर रविवारी गाडी सुरू करतात, बॉनेट उघडतात आणि कान लावून उभे राहतात. खिडकीतून सुंदरीबाई विचारतात, "काय म्हणतेय?" पुरतं ऐकून झाल्याशिवाय ते उत्तर देत नाहीत.