बायकोचा जोडीदार

“मला जोडीदार मिळाला,” बायकोने घरात शिरता शिरता सांगितलं आणि चपला काढून भिंतीशी लावल्या.

सोफेवाला जमिनीवर बसून बोटांना चिकटलेला गोंद खरवडत होता. त्याने मान वर केली. “मग मी कोण?”

“तुम्ही नवरा. हा बोलायचा जोडीदार. इंग्रजी बोलायचा.”

 सगळा गोंद निघाल्यावरही सोफेवाला बोट खरवडत राहिला.

लोक त्याला सोफेवाला म्हणत, तरी सोफे तो विकत नसे. खचलेले सोफे आणि बसक्या झालेल्या खुर्च्या त्याच्या दुकानात येत. जुनं कापड फाडायचं, स्प्रिंगा ताणून बांधायच्या, नवा फोम घालायचा, वरून नवं कापड ओढून ठोकायचं, असं त्याचं काम. बायको एका हॉटेलात धुलाईच्या विभागात होती. चादरी मोजायच्या, डागाच्या वेगळ्या काढायच्या, घड्या घालून वर पाठवायच्या. स्वागताच्या टेबलावरची बाई आता सोडून जाणार होती आणि ती जागा बायकोला हवी होती. हॉटेलची मॅनेजरीण तिला म्हणाली होती, “बाकी सगळं तुला येतं गं, पण पाहुण्यांशी इंग्रजीत घडाघडा बोलता यायला हवं. आणि व्याकरण पाठ करत बसू नकोस. तुला आवडेल अशा विषयावर माणसं गप्पा मारताना ऐक. रोज ऐक. कान तयार झाला की जीभ मागोमाग येते.”

तेव्हापासून घरात ते दोघं आले. ते म्हणजे फोनवरच्या एका कार्यक्रमातले एक बुवा आणि एक बाई. रोज काहीतरी विषय घेऊन ते इंग्रजीत वाद घालायचे. जांभई का येते, रांगेत उभी असलेली माणसं चिडतात का, लांबलचक पूल वाऱ्याने हलतात तरी पडत का नाहीत. बायको भाजी चिरताना ऐके, इस्त्री करताना ऐके. पहिले काही आठवडे सगळं तिच्या डोक्यावरून जात होतं. मग थोडं थोडं सापडायला लागलं. आणि एके दिवशी इस्त्री हातात तशीच धरून ती खळखळून हसली.

सोफेवाला समोर जेवत होता. “काय झालं?”

“काही नाही हो. ते बुवा बोलले काहीतरी. आपल्या भाषेत सांगून मजा नाही येणार.”

घासाबरोबर ते वाक्यही सोफेवाल्याने गिळलं, पण ते खाली उतरलं नाही. आपल्याच घरात, आपल्याच बायकोला कुणीतरी हसवून जातं आणि आपल्या वाटणीला त्यातलं काही येत नाही, हे त्याला झोंबलं. त्या दिवसापासून बुवांचा आवाज आला की तो उठून बाहेर जाऊन उभा राही.

आणि आता हा जोडीदार. कार्यक्रमवाले ऐकणाऱ्यांच्या जोड्या लावून देत म्हणे, म्हणजे ऐकलेल्या विषयावर आपापसात बोलायचा सराव होतो. बायकोच्या वाट्याला लांबच्या गावचे एक पोहायला शिकवणारे मास्तर आले. त्यांची भाषा हिला येत नव्हती, हिची त्यांना येत नव्हती, म्हणून दोघांनी इंग्रजी धरून ठेवली होती. एक दिवसाआड संध्याकाळी फोन येई. मास्तरांचा जन्म तलावाच्या काठावरून ओरडण्यात गेलेला, त्यामुळे फोन बायकोच्या कानाला असला तरी आवाज खोलीभर फिरे. बायको खिडकीपाशी स्टुलावर बसून बोले. आधी अडखळत, मग सुटं सुटं. मध्येच हसे. हसताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. लग्न ठरलं तेव्हाची ही सवय. इतक्या वर्षांत सोफेवाला ती विसरूनच गेला होता, आणि परत दिसली ती अशी, दुसऱ्याच्या फोनवर.

शेजारच्या किल्लीवाल्याने तर आगीत तेलच ओतलं.

“काय शेठ, वहिनी एकदम बदलल्या हां. परवा किल्ली करून दिली, तर म्हणाल्या ‘ॲप्रिशिएट इट.’ मला वाटलं, किल्ली लागत नाही म्हणून शिव्या देतायत.”

“तिला जोडीदार मिळालाय,” सोफेवाला म्हणाला. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतंच.

“म्हणजे?”

त्याने सांगितलं. किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली. “पोहायला शिकवतो? म्हणजे छाती अशी असणार,” असं म्हणून त्याने दोन्ही हात लांब केले. “आणि आवाज?”

“पाडव्याच्या ढोलासारखा,” असं सोफेवाला म्हणणार होता, पण त्याने नुसतं “मोठा आहे” म्हटलं आणि आपल्या दुकानात निघून गेला.

त्याने त्याच दिवशी ठरवलं, आपण इंग्रजी शिकायचं. बोलायला नव्हे. कुणाशी बोलायचं होतं त्याला? फक्त कळायला. खिडकीपाशी काय चालतं ते एकदा कळलं की झालं. आणि शिकायचं कसं, ते घरात रोज डोळ्यांसमोर होतंच. त्याने आपल्या फोनवर त्याच बुवा-बाईंचा कार्यक्रम लावला आणि फोन फोमच्या ढिगावर ठेवला.

सोफेवाल्याच्या धंद्यात एक सोय होती. कापड ठोकायला ज्या चुका, म्हणजे बारीक खिळे, लागतात, त्या मूठभर तोंडात धरायच्या आणि एकेक करून ओठांवर आणायची, तिथून हातोडीच्या चुंबकाने उचलायची. चुका तोंडात असल्या की बोलायची सोय नाही. ऐकण्याशिवाय दुसरं काही करताच येत नाही. बायको पूर्वी म्हणायची, “तुमच्या तोंडात कायम चुका, म्हणून बोलत नाही तेच बरं.” तर असा तो तोंडभर चुका घेऊन परकी भाषा ऐकत राहिला.

आधी नुसता गलका. मग एकदा विषय खुर्चीचा निघाला. चेअर, बॅक, लेग, स्प्रिंग. पाठ, पाय, बैठक, उंची, ही मंडळी कशाबद्दल बोलतायत ते त्याला आधीच ठाऊक असल्यामुळे मधले शब्द आपोआप जागेवर बसले. बाई म्हणत होती की खुर्चीने माणसाला आळशी केलं, बुवा खुर्चीच्या बाजूने होते. सोफेवाला बुवांवर रागावलेला, तरी त्या दिवशी तो मनातून बुवांच्या बाजूने झाला. तो भाग त्याने पुन्हा पुन्हा लावला.

पुढे एका पक्ष्याचा भाग आला. जाडा, उडता न येणारा, आता जगात एकही न उरलेला. त्यात ‘इज’ कुठे नव्हतंच. इट वॉज बिग. इट वॉज स्लो. इट वॉज नॉट अफ्रेड. बाई हा ‘वॉज’ इतक्या दुःखाने म्हणे की सोफेवाल्याला तो कुणी न समजावता समजला. वॉज म्हणजे होता. होता म्हणजे आता नाही.

आता तो फोनच्या वेळी बाहेर जाईनासा झाला. जुन्या कापडाची शिवण उसवायचं काम घरी आणून तो कोपऱ्यात बसे. बायकोला बरं वाटलं. एकदा तर तिने त्याच्यापुढे आपणहून चहाही ठेवला. आणि तो कान टवकारून बसलेला.

बरेच दिवस हाती काही लागलं नाही. पूल, जांभया, मधमाश्या. प्रेमाबिमाचा शब्द नाही. सोफेवाल्याला सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी उलट वाटलं. मधमाश्यांवर इतका वेळ? आपण दोघं मधमाश्यांवर कधी बोललो? त्याला आठवेना, शेवटचं आपण भाजी, भाडं आणि गॅस सोडून कशावर बोललो ते.

मग एका संध्याकाळी मास्तरांनी काहीतरी विचारलं, त्यात ‘हजबंड’ होतं. सोफेवाल्याच्या हातातलं पातं शिवणीवरच थांबलं. बायको खिडकीबाहेर बघायला लागली. मग हळू, पण स्वच्छ म्हणाली,

“माय हजबंड वॉज अ व्हेरी फनी मॅन.”

वॉज.

सोफेवाल्याने पुन्हा मनात म्हणून पाहिलं. वॉज. फरक पडला नाही. तो जिवंत, तिच्यापासून चार हातांवर बसलेला, मांडीवर कुणाच्यातरी दिवाणाच्या खोळीचं कापड, आणि बायको परक्या माणसाला सांगत होती की नवरा होता. फोनमधून मास्तर ‘ओह’ म्हणाले. त्या ‘ओह’मध्ये सहानुभूती होती. म्हणजे त्यांनाही तेच समजलं होतं!

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण फोन संपेपर्यंत त्याने दम धरला. बायको उठून स्वयंपाकघरात गेली तसा तो मागोमाग गेला.

“मी मेलो हे मला आधी सांगायचं होतंस.”

“काय?”

“जोडीदाराला सांगितलंस ना? नवरा वारला म्हणून. मोकळी आहेस, असंच ना?”

बायको हातातलं झाकण तसंच धरून त्याच्याकडे बघत राहिली. “अहो, काय बोलताय तुम्ही? कुणी सांगितलं तुम्हाला?”

“माझ्या कानांनी. वॉज म्हणालीस. मला येतं वॉज. तो पक्षी वॉज, आणि मीही वॉज.”

“कुठला पक्षी?”

“तो जाडा! उडत नाही तो!”

बायकोच्या चेहऱ्यावर एकामागून एक इतकं काही येऊन गेलं की त्याला त्यातलं काही धरता आलं नाही. शेवटी ती म्हणाली, “तुम्ही तो भाग ऐकलात?”

“ऐकले. सगळे ऐकले.”

“कशासाठी?”

इथे सोफेवाल्याची गोची झाली. खरं सांगितलं तर आपण कान लावून बसत होतो हे कबूल करावं लागणार, आणि खोटं त्याला ऐन वेळी कधी सुचत नसे.

“तू काय बोलतेस ते कळायला,” तो म्हणाला. “माझ्यापाशी बोलत नाहीस म्हणून.”

“तुमच्यापाशी!” बायकोने झाकण ठेवलं. दणकन नाही, हळूच. त्यामुळे तो जास्त घाबरला. “पहिल्यांदा थोडं कळलं, तेव्हा जांभईचं सांगायला आले, तर तुम्ही म्हणालात, आधी आमटीला मीठ घाल. पुलाचं सांगत होते, तेव्हा उठून बाहेर गेलात. मग म्हटलं, जाऊ दे.”

सोफेवाल्याला पूल आठवला. मीठही आठवलं.

“ते राहू दे,” तो म्हणाला. “वॉजचं काय? ती तुझी चूक झाली का इंग्रजीत? झाली असेल तर तसं सांग. माणसाची होते चूक.”

त्याला मनापासून वाटत होतं की तिने हो म्हणावं.

“चूक नव्हती,” बायको म्हणाली. “त्यांनी विचारलं, तुमचे यजमान कसे आहेत. मी आधी इज म्हणणार होते. मग मला आठवलं, कुठलं गिऱ्हाईक सोफ्यावर कसं बसतं, याची तुम्ही नक्कल करून दाखवायचात. ती जाडी वकीलबाई, तो मूळव्याधवाला. हसून हसून माझ्या पोटात दुखायचं. किती वर्षं झाली, मला आठवतही नाही. तुम्ही घरी येता, जेवता, झोपता. मग मी इज कसं म्हणू? खोटं झालं असतं ना.”

आजवर सोफेवाल्याला बुवांचा हेवा वाटला होता, मग मास्तरांचा. आता तिसराच एक माणूस समोर येऊन उभा राहिला, गिऱ्हाइकांच्या नकला करणारा, बायकोला आवडणारा. आणि हा तिसरा सगळ्यांत वाईट होता, कारण त्याला दोन शिव्याही हासडता येत नव्हत्या.

“पण मास्तरांना वाटलं असेल मी मेलो,” एवढंच तो म्हणाला.

“ते मात्र खरं,” बायको म्हणाली. “मलाही नंतर लक्षात आलं. फोन ठेवताना ‘सॉरी, सॉरी’ करत होते बिचारे. परवा सांगते त्यांना.”

“परवा नको. आत्ता लाव.”

“आत्ता?”

“मी उगाच दोन दिवस मेलेला राहू?”

बायकोने त्याच्याकडे जरा चमकून पाहिलं. मग फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि ओट्यावर ठेवला. मास्तरांचा आवाज स्वयंपाकघरात घुमला. बायकोने काहीबाही सांगितलं आणि त्याला कोपराने ढोसलं.

सोफेवाल्याने घसा साफ केला. तोंडात चुका नव्हत्या, तरी असल्यासारखी जीभ जड झाली होती. “हॅलो. आय ॲम हजबंड,” तो म्हणाला, आणि घोटाळा राहू नये म्हणून परत म्हणाला, “ॲम.”

 मास्तर इतके खूश झाले की त्यांचं काहीच कळेना. बायकोने त्यांना सावकाश बोलायला सांगितलं. त्यांनी विचारलं, तुम्ही खुर्च्यांचं काम करता ना? येस, चेअर. मग मास्तरांनी एक लांबलचक काहीतरी सांगितलं आणि बायको हसली. पदराचं टोक बोटाला गेलं. सोफेवाल्याला ते पुन्हा झोंबलं, अगदी पहिल्यासारखं. पण तो बाहेर गेला नाही.

“काय म्हणाला?”

“सांगून मजा...” तिने वाक्य मध्येच सोडलं. “ते म्हणतायत, तीस वर्षं मी सगळ्या गावाला पोहायला शिकवतोय. पण माझी बायको अजून काठावरच बसते, पाण्यात उतरत नाही. निदान तिला बसायला एक चांगली खुर्ची करून द्या.”

म्हणजे याला बायको आहे, हे सोफेवाल्याने आधी ऐकलं. मग बाकीचं ऐकलं. तो विचारात पडला, गिऱ्हाईक काम सांगतं तेव्हा पडायचा तसा. इंग्रजीतले त्याच्यापाशी असलेले मोजके शब्द त्याने मनात चाचपून पाहिले. मग फोनवर वाकून, अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला,

“नो चेअर. पुश.”

आणि दोन्ही तळहातांनी हवेत एक धक्का दिला, जो मास्तरांना दिसणार नव्हता.

बायको आधी हसली. फोन नंतर.