‘अं’ म्हटलं की वाजणारी घंटी

मी एक जुनी पितळी घंटी आहे. डोक्यावर बोट टेकवलं की ‘टिंग’ करणारी, टेबलावर ठेवतात तशी. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकून तुम्ही मला शाबासकी द्यावी म्हणून मी ती सांगत नाही. मला एक कबुली द्यायची आहे.

माझा जन्म मुरादाबादचा. जहाजातून मी मस्कतला आले आणि एका छोट्या हॉटेलच्या काउंटरवर नऊ वर्षं वाजले. हॉटेल बंद झालं तेव्हा झुवैनाबाईंनी मला उचललं. त्या शाळेत शिकवायच्या आणि दर सोमवारी संध्याकाळी शाळेच्या वाचनालयात भाषणाचा क्लब चालवायच्या. नाना देशांतून कामाला आलेली माणसं तिथे चारचौघांत बोलायला शिकत. बोलणाऱ्याने अडखळून ‘अं’ केलं की मला वाजवायचं, असा नियम होता. ज्याच्या भाषणात मी एकदाही वाजणार नाही, त्याने मला आठवडाभर कामाच्या टेबलावर मिरवायला न्यायचं.

मुतासिम आला तो एका जुनाट पिकअपमधून. तो सुदानचा, पाणी पुरवणाऱ्या पंपघरात इंजिनिअर. त्याची आकडेमोड कधी चुकायची नाही, पण बैठकीत तोंड उघडलं की तो अडखळायचा आणि त्याचंच काम दुसरेच वाचून दाखवायचे. पिकअप चालवत होते तेस्फायकाका. ते एरिट्रियाचे, त्याच पंपघरात वीस वर्षांचे फिटर. “मागे बसतो मी. घाबरलास तर माझ्याकडे बघ,” असं त्यांनी त्याला दारातच सांगितलं.

त्या दिवशी मी तेवीस वेळा वाजले. लोक हसले. मुतासिमचे कान लाल झाले. मला मात्र, खरं सांगते, मजा वाटली.

“तेवीस!” तेस्फायकाका जिना उतरताना म्हणाले. “अरे, आपला सगळ्यात म्हातारा पंपसुद्धा एवढे आचके देत नाही!”

“परत नाही येणार मी.”

“येशील. पुढच्या सोमवारी गाडी घेऊन दारात उभा राहतो. काहीतरी खाऊन ये.”

तो आला. रोज दुपारी पंपघरात तेस्फायकाका डब्यातला इंजेरा, त्यांच्याकडची आंबूस पोळी, त्याच्यापुढे सरकवत आणि म्हणत, “हं, कर सुरू.” पंपांच्या आवाजावर आवाज चढवून तो भाषणं घोकायचा. तेवीसचे अकरा झाले, अकराचे तीन. चौथ्या वर्षी मी एकदाही वाजले नाही. त्याची बढती झाली, मग आणखी एक. अखेर तो पंपघराचा प्रमुख झाला आणि मी जवळजवळ कायमच त्याच्या टेबलावर राहू लागले. तेस्फायकाका आता त्याला ‘साहेब’ आणि ‘तुम्ही’ म्हणू लागले होते. त्यानेही कधी “काका, हे काय?” असं म्हटलं नाही.

एका मंगळवारी सकाळी चार-पाच इंजिनिअर बसले असताना तेस्फायकाका आत आले.

“साहेब, तीन नंबरचा पंप... अं...”

मुतासिमने हसत माझ्यावर बोट टेकवलं. टिंग! सगळे हसले. काकाही हसले.

“म्हणजे आवाज... अं... तसा नेहमीचाच, पण...”

टिंग!

“काका, तुमचे तेवीस व्हायला आलेत हं!” मुतासिम म्हणाला.

काकांनी टोपी हातात घेतली. “मला वाटतं, तो... अं...”

टिंग!

“नाही, काही नाही साहेब. मीच बघतो.”

पंप थांबवायला साहेबांची सही लागत असे. ती मागायलाच ते आले होते. चालू पंपाशी वाकून ते आवाज ऐकत होते, तेव्हा पंप आणि मोटर जोडणारं कपलिंग तुटलं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, घंटी काय करणार, बोट तर दुसऱ्याचं होतं. मीही मनाला तेच समजावते. पण आवाज माझा होता. आणि त्या तिन्ही वेळी तो अगदी खणखणीत निघाला होता.

मुतासिमने मला खणात टाकलं. तीन सोमवार मी अंधारात होते. चौथ्या सोमवारी त्याने मला खिशात घालून आणलं, झुवैनाबाईंपुढे ठेवलं आणि तो बोलायला उभा राहिला. मागच्या खुर्चीवर तेस्फायकाका बसले होते, हाताला पांढरी पट्टी.

“मी... अं... मी एका माणसाला बोलू दिलं नाही.”

बाईंचं बोट माझ्यावर आलं आणि तिथेच थबकलं. मग त्यांनी अख्खा तळहात माझ्यावर ठेवला.

“त्यांना... अं... त्यांना पंपाचं सगळं कळत होतं. मला फक्त... अं...” पुढचं निघेना.

“घाई नाही,” मागून तेस्फायकाका म्हणाले. “तू बोल, मुतासिम.”

त्या संध्याकाळी तो एकतीस वेळा अडखळला. बाईंच्या तळहाताखाली मी मोजत होते. पण वाजले नाही.

तेव्हापासून मी वाचनालयाच्या कपाटात आहे. काळवंडले आहे. मला घासूनपुसून लख्ख करा, असं माझं मागणं नाही. तुमच्या घरी, वर्गात कोणी बोलताना अडखळलं, तर हसण्याआधी मला आठवा. ‘अं’च्या पुढे त्याला काय सांगायचं आहे, ते तुम्हाला अजून ठाऊक नाही. माझ्यावर तळहात ठेवा, आणि थांबा.