क्लॅरिनेटचे गुण

माझी लेक ओडेसा शाळेत पहिली येणार, हे आमच्या चर्चने नाताळातच ठरवून टाकलं होतं. शाळेच्या पदवीदानात भाषण करायचा मान पहिल्या नंबराचा. त्या दिवसासाठी व्हर्नेलमावशीने स्वतःला नवी टोपीसुद्धा घेऊन ठेवली. मे महिन्यात यादी लागली. पहिली मॅकेन्झी, दुसरी माझी ओडेसा. फरक दोन शतांशांचा.

तीन दिवस मी आकडे मांडत होते. दर वेळी बोट थांबायचं ते बँडवरच, शाळेच्या वाद्यवृंदाच्या विषयावर. अवघड विषयाला पाचपैकी गुण, बँडला चारपैकी. म्हणजे बँडमध्ये पैकीच्या पैकी मिळाले तरी सरासरी खाली. आणि बँड घे म्हणून मागे लागले होते मीच. पण मॅकेन्झी तर हिच्याच शेजारी बसून क्लॅरिनेट वाजवते. तिची सरासरी का नाही घसरली?

"तिने बँड विनागुण घेतला, म्हणजे तो सरासरीत धरत नाहीत," शाळेच्या समुपदेशक मिसेस हॅगर्टी म्हणाल्या. "फॉर्म असतो त्याचा."

"आम्हाला कुणी बोललं नाही, बाई."

"मागेल त्याला देते मी."

"आहे हेच माहीत नसेल तर मागायचं कसं?"

त्या अगदी सरळ मनाने म्हणाल्या, "ज्यांना लागेल असं वाटलं, त्यांना मी आपणहून बोलावलं होतं."

"कोणाकोणाला?"

त्या बोटांवर नावं मोजू लागल्या. चौथ्या बोटाशी थांबल्या. चारही मुली गोऱ्या, आमच्यासारखी काळी एकही नाही. त्यांची मान लाल होत गेली, आणि मला वाटलं, हे त्यांनाही आत्ताच दिसतंय. माझी आई गेली तेव्हा याच बाई चिकनचं भांडं घेऊन आल्या होत्या, वर आमच्या बशाही विसळून गेल्या. रागवायचं तरी कुणावर?

मी फॉर्म मागितला.

"मुदत सप्टेंबरातच संपली गं," म्हणाल्या, पण दिला.

ओडेसा गाडीत बसून होती. "झालं? टोपी परत घेतील का दुकानात?"

"मावशीने पावती कधीच फेकली."

बाई काय म्हणाल्या ते मी सांगितलं. तिने फॉर्म वाचला, दोनदा.

"ममा, मला हा लागणार नाही असं का वाटलं त्यांना?"

मी पेन काढलं. नाव लिहिलं. विषय : बँड. खाली एकच ओळ उरली होती, कारण. पेन टेकवलं, उचललं. ओडेसा अजून उत्तराची वाट बघत होती.