कधीच न नासणारी पूड

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर रेशीममाईंनी काचेची डबी उंच धरली.

"बारा वर्षं झाली हिला! घ्या वास. कोषातला किडा मरत नाही, नवा जन्म घेतो. तोच जन्म या रेशमाच्या पुडीत आहे. हिला मरण नाही आणि तुमच्या कांतीला म्हातारपण नाही!"

रेशमासाठी कोष किड्यासकट उकळतात, हे माईंच्या गावीही नव्हतं. डबी रांगेतून फिरली. बायका हुंगत होत्या, हात जोडत होत्या. त्यात माझी धाकटी बहीणही होती.

बाळंतपणानंतर तिच्या गालांवर वांगाचे काळपट डाग उठले होते. घरात कुणी बोलत नसे, पण फोटो काढताना ती सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राही. माईंनी सांगितलं, पूड पाण्यात कालवून डबीत भरा, रोज गालांना, पापण्यांना लावा. पहिल्याच दिवशी डाग फिकट दिसले. ती आरशासमोरून हलेना.

तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "ताई, जरा आंबूस वास येतोय गं. माई म्हणतात, रेशीम जागं होतंय."

"टाकून दे ते," एवढंच म्हणून मी कामावर गेले. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत दिवसभर परक्यांचे नमुने तपासणारी मी, पण बहिणीची डबी काही उघडून पाहिली नाही.

तिचा उजवा डोळा लाल झाला. खाजवताना बुबुळाला नख लागलं. माई म्हणाल्या, "घाण बाहेर पडतेय, पडू दे." तिने चार दिवस माझ्यापासून लपवलं. डोळ्यांचे डॉक्टर बुबुळावरचा पांढरा डाग बघून हळूच म्हणाले, "दोन दिवस आधी आणायला हवं होतं."

त्या डोळ्याची नजर परत आली नाही.

पुढच्या सभेला मी सूक्ष्मदर्शक घेऊन गेले. एका काचपट्टीवर माईंची कोरडी पूड, दुसरीवर बहिणीच्या डबीतला थेंब.

"या, एकेकीने बघा."

पहिल्या बाईला कोरड्या पुडीत काही हलताना दिसलं नाही; थेंबाच्या काचपट्टीवर डोळा लावताच ती दचकून मागे सरली. "अगं बाई! हे वळवळतंय काय?"

"जंतू. कोरडी पूड कोरडीच राहिली, तर वर्षानुवर्षं टिकते. माईंच्या डबीत पाण्याचा थेंबही गेलेला नाही. तुमच्या डब्यांत पाणी आहे, रोज बोट बुडतं, आणि जंतू रोखणारं औषध काहीच नाही. रेशीम म्हणजे प्रथिन, जंतूंना आयतं खाद्य. माझ्या बहिणीच्या डोळ्यात नखाच्या ओरखड्यातून हेच शिरले. डाग जात नाहीत, पांढऱ्या भुकटीखाली झाकले जातात."

"श्रद्धा हवी!" माई कडाडल्या.

मी डबी पुढे केली. "मग लावा तुमच्या पापणीला."

माईंनी हात पदराखाली घेतला. तरीही दारात एकीने मला हळूच विचारलं, "पण थोडे दिवस लावलं तर?"

मी घरी येऊन बहिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वास मलाही आला होता गं. मी माझ्या नाकापेक्षा त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला."

तुम्हाला सांगते: जे ओलं आहे ते नासतं, मग ते रेशीम असो की आणखी काही. डबीवरची तारीख बघा. वास, रंग बदलला की फेकून द्या. डोळा लाल झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि नाक, डोळे, अक्कल सांगत असतील ते कुणाच्याही गोड बोलण्यापायी दाबून टाकू नका.