तात्याबांचा फोटो

ग्रुपचं नाव 'दौंड शेडची जुनी इंजिनं'. माणसं साडेचारशे. त्यातल्या एकालाही फोटोखालचा मजकूर वाचायची सवय नाही, हे मी आता छातीठोकपणे सांगतो.

माझे वडील तात्याबा, घरात आमचे आबा, दौंडच्या शेडमध्ये कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते. वय शहाऐंशी, गुडघे गेलेत, बाकी ठणठणीत. शिरूरला माझ्याकडेच असतात. त्यांच्या पेटीत इंजिनांचे तेवीस फोटो आहेत, सगळे येशुदास ड्रायव्हरांनी काढलेले. अकरा वर्षं दोघं एकाच इंजिनावर होते. मग सिग्नल मोडून गाडी पुढं नेल्याची चौकशी लागली. सिग्नल पडला होता, वाट मोकळी होती, असं येशुदासमामा सांगत होते. आबांनीही तो पडलेला पाहिला होता. पण नोकरीच्या भीतीनं त्यांनी लिहून दिलं, 'मी कोळसा टाकत होतो, पाहिलं नाही.' मामांची ड्रायव्हरकी गेली. त्यानंतर चाळीस वर्षं दोघांत एक शब्द नाही.

"एकदा भेटायचंय रं त्यांना," आबा दिवाळीपासून घोकत होते. "फोटू टाक त्या मोबाईलवर. त्यांचं नाव लिव्ह. बघतील कुठंतरी."

टाकले. पहिलाच आबांचा. इंजिनाच्या दांड्याला धरून उभे, डोक्याला रुमाल. खाली स्वच्छ मराठीत लिहिलं, 'माझे वडील तात्याबा, फायरमन. फोटो काढणारे ड्रायव्हर येशुदास. त्यांचा पत्ता कुणाला माहीत असल्यास कळवावा.'

पण आपल्याकडे काळापांढरा फोटो आणि खाली 'माझे वडील' एवढं दिसलं, की लोकांचं बोट आपसूक हात जोडायला जातं. पहिली 'भावपूर्ण श्रद्धांजली' ग्रुप चालवणाऱ्या बाळासोची. मग काय, मेंढरामागं मेंढरं. दहा मिनिटांत सत्तर झाल्या.

मी लिहिलं, 'अहो, आबा जिवंत आहेत.'

बाळासोनं उत्तर दिलं, 'ते आपल्या आठवणींत कायम जिवंत राहतील.'

मी कपाळावर हात मारला आणि त्याला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "दादा, सावरा सवताला. दहावा कवा हाय?" मी त्याला काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्या फोटोतलं इंजिन कापून टाकलं, आबांना हार घातला, दोन्ही बाजूंना समया लावल्या. तो बॅनर गावोगावच्या ग्रुपवर फिरला. न्हावरा, चौफुला, कुठून कुठून फोन आले. साडूनं तर रजाच टाकली. उरलेल्या बावीस फोटोंकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि पत्ता तर कुणीच कळवला नाही.

आबांनी बॅनर डोळ्यांजवळ धरून पाहिला. "हार बरा हाय," म्हणाले. "त्यांचं काय कळलं का?"

मला रडू आलं, संतापानंच. एवढं साधं काम मला जमलं नव्हतं.

रविवारी सकाळी दाराशी रिक्षा थांबली. एका मुलीनं उंच, वाकलेल्या म्हाताऱ्याला हात देऊन उतरवलं. त्यांच्या हातात पांढरी फुलं होती.

"मी ब्लेसी, येशुदास ड्रायव्हरांची नात," ती म्हणाली. "केडगावहून आलोय. तात्याबा आजोबांचं आमच्या चर्चच्या ग्रुपवर कळलं. हे आमचे आप्पा ऐकेचनात, घरच्यांना भेटायचंच म्हणाले."

मी समजावून सांगणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण आलंय रं?"

मामा मला बाजूला सारून उंबऱ्यापर्यंत गेले. आत खाटेवर आबा पायाची नखं काढत बसले होते.

"तात्या, तू जिता हायस?"

"हाय की, डायवरसाहेब."

मामांचा चेहरा लाल झाला. "मेलास म्हणून आलो मी! केडगावातनं निघताना तुला माफ करून निघालो. आता काय करू?"

आबांनी हात जोडले. "सिग्नल पडला व्हता, साहेब. मी बघितला व्हता. पन केलेली माफी आता मागं घेऊ नका."

मामांनी हातातली फुलं माझ्या हातात कोंबली.

"च्या बिनसाखरेचा असंल तर बसतो," म्हणाले.