राजाची उडी

वडशाला आमच्या नाटक कंपनीचं ऑफिस आहे. नाटक ठरवायला गावोगावची मंडळं येतात, त्यांच्याशी बोलायचं काम माझं. दुपारी कोणी नसतं, तेव्हा टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडला जातो आणि समोर कंपनीचे खलनायक गुणवंतराव बसतात.

त्यांची सुरुवात पाहिली की मला शिसारी येते. राजापुढचं प्यादं, उंट, आणि लगेच वजीर बाहेर. चार चालींत मात करायची म्हणे. माझ्यावर ती चालत नाही हे ठाऊक असूनही रोज तेच, उष्टं ताट पुन्हा वाढल्यासारखं.

त्याहून किळसवाणं म्हणजे ते हरतच नाहीत. मात झाली की चाल परत घेतात, नाहीतर चहा येतो आणि पट सरकतो. मोबाईलवर बघून बघून मी खेळ शिकले, त्यांना कितीदा अडकवलं, पण एकही मात त्यांनी तोंडाने कबूल केली नाही. ती एक मला हवी होती.

एक जुना डाव मला पाठ आहे. पॅरिसच्या नाट्यगृहात, खेळ चालू असताना, एका तरुणाने दोन सरदारांशी खेळलेला. शेवटी तो वजीर देऊन टाकतो आणि हत्तीने मात करतो. नाटकाच्या जागी बुद्धिबळ खेळणारी माणसं मला आपल्यातलीच वाटतात.

परवा गुणवंतराव काळी घेऊन अगदी त्या सरदारांसारखेच खेळत गेले. हावरटपणा सगळीकडे सारखाच. मी उंटाने शह दिला, त्यांनी घोड्याने तो उंट मारला. मी वजीर त्याच घोड्याच्या तोंडी दिला.

"वजीर देऊन राह्यली काय बाई? डोकं ठिकाणावर हाय ना?"

त्यांनी तोही मारला. मी हत्ती सरकवला. "मात."

त्यांनी राजा उचलून घोड्यासारखा अडीच घरं उडवला. देशी खेळात राजाला एकदा अशी उडी असते. आमच्या पटावर देशी-विदेशी दोन्ही नियम नांदतात; मी किल्ला करते, ते उडी राखतात. वजिराविना मी आता हरणारच होते.

"एकदा शह बसला की उडी जाते, भाऊ. नियम तुमचाच."

"शह कवा बसला?"

ते खोटं बोलत नव्हते. या हंगामात त्यांना संवादही विंगेतून सांगावे लागतात.

मॅनेजर हेमराज माझ्या कानाशी वाकला. "जाऊ दे ना बाई. म्हातारा माणूस. जिंकू दे."

त्या 'जिंकू दे'ची जी किळस आली, ती चार चालींच्या त्या डावाची कधी आली नव्हती. समोर बसलेला माणूस खेळत होता, रडत नव्हता.

"वजिराच्या आधी ह्या घोड्यानं काय मारलं, भाऊ?"

"तुहा उंट."

"काऊन मारला?"

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. "शह होता."

राजा पुन्हा त्याच्या घरात आणून त्यांनी आडवा केला. हेमराजकडे न बघता म्हणाले, "तू चूप बस. मात हाय." मग मला, "पाठ करून आली होती ना?"

"तुम्ही संवाद पाठ करत नाई काय?"

"करतो. पन राहात नाई आता."

त्यांनी पट फिरवून पांढरी आपल्याकडे घेतली. प्यादं, उंट, वजीर.

मला पुन्हा शिसारी आली. मी प्यादं सरकवून त्यांचा वजीर हाकलला.